तहकूब सभेचा ठराव

सोलापुरात दाजींच्या शिवणाच्या दुकानात भिंतीला एक खिळा होता. त्यावर मोजपट्टी टांगलेली आणि पट्टीच्या मागे बँकेची पत्रं टोचलेली. गिऱ्हाइकाची छाती मोजायला दाजींनी पट्टी काढली की पत्रं फडफडायची.

•

निवळीच्या खोऱ्यात छत्री कुणी वापरत नाही. वारा ती उलटी करतो आणि धरणाच्या पाण्यात टाकतो. बाया डोक्यावरून गुडघ्यापर्यंत पानांचं इरलं घेतात आणि लावणी करतात. लांबून पाहिलं तर शेतात कासवं वाकलीत असं वाटतं.

•

कलम ७. लाभार्थी कर्मचाऱ्याने नेमणुकीच्या गावी सलग तीन वर्षे मुक्कामी राहणे बंधनकारक आहे. कोणत्याही एका वर्षात पंधरा दिवसांहून अधिक विनापरवाना गैरहजेरी आढळल्यास संपूर्ण सेवा बाद समजण्यात येईल.

•

"सिस्टर मागितली हुती. ह्यो तर गडी हाय."
लाँचमधून उतरल्यावर निवळी गावात माझ्याविषयी बोललं गेलेलं पहिलं वाक्य.

•

बेलाची तीन पानं. त्यावर चिमूटभर भंडारा. हे तळहातावर उचलून जो बोलतो तो खोटं बोलत नाही. बोललाच तर त्याचं काय होतं, हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही. तशी वेळच आली नव्हती म्हणे.

•

एकोणीस.

•

मार्चातल्या तिसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता मी खंडोबाच्या सभामंडपाबाहेर उभा राहून चपलांचे जोड मोजत होतो. अकरा. त्यातला एक माझा.

"सत्तेचाळीस लागतात," पिसाळ भाऊसाहेब म्हणाले. ते ग्रामसेवक. पलीकडच्या काठावरून सकाळच्या लाँचने आले होते आणि पायजम्याची ओली टोकं पिळत होते. "तीनशे बारा मतदार. त्याचे पंधरा टक्के, शेहेचाळीस पूर्णांक काहीतरी. अर्धा माणूस काही आणता येत नाही, म्हणून सत्तेचाळीस. त्याच्याशिवाय कोरम नाही. कोरम नाही तर सभा नाही."

"अर्धं गाव मुंबईत माथाडीला," सरपंच आनंदाबापू म्हणाले. "हितं हायेत ती नव्वद."

"मग नव्वदातले सत्तेचाळीस?" मी विचारलं.

बापूंनी वर डोंगराकडे पाहिलं. टोपल्या घेतलेल्या बायांची एक ओळ झाडीत शिरत होती.

"हिरड्याला चालल्यात."

"आज? सभा आहे माहीत असून?"

"हिरडा काय नोटीस वाचून पडतोय व्हय ब्रदर?"

बायांच्या ओळीत सगळ्यात पुढे शेवंताक्का होती. तिची चाल लांबूनही ओळखू यायची, डाव्या पायावर जरा जास्त भार. ती जाताना एकेका दारासमोर थांबत होती आणि त्या त्या दारातून कुणीतरी बाहेर पडून भलत्याच दिशेला जात होतं. एकाला अचानक भातरोपांच्या वाफ्यात राब भाजायचा होता. एकाला म्हैस पलीकडच्या वाडीत न्यायची होती. आमच्यातला, म्हणजे त्या अकरा जोडांतलाही एक म्हातारा तिच्याकडे पाहून उठला आणि म्हणाला, "मला वाईच परसाकडं जायचंय." तो परत आला नाही.

साडेअकराला भाऊसाहेबांनी वहीत लिहिलं: कोरमअभावी सभा तहकूब. तहकूब सभा बुधवारी सकाळी दहा वाजता, याच ठिकाणी.

•

मी परिचारक. म्हणजे नर्स, पण पुरुष. शहरात आम्हाला ब्रदर म्हणतात आणि निवळीत तेच माझं नाव झालं. सिद्राम हत्तुरे हे नाव फक्त मस्टरवर होतं.

नर्सिंगच्या शिक्षणाला मी चार लाख ऐंशी हजारांचं कर्ज घेतलं होतं. जामीन दाजी, माझ्या बहिणीचे यजमान. त्यांचं दुकान तारण. शिक्षण झालं, नोकरी बारा हजारांची मिळाली आणि हप्ता सात हजारांचा होता. तेव्हा ती योजना आली. नाव लांबलचक, आम्ही तिला कर्जफेड म्हणायचो. अवघड गावातल्या उपकेंद्रात तीन वर्षं राहायचं. तीन वर्षांनी सरकार सगळं कर्ज एकदम बँकेत भरणार. आणि हा माणूस खरंच तिथे राहत होता की नाही, हे सांगणार गाव. ग्रामसभेचा ठराव, एकतीस मार्चच्या आत. ठराव नसेल तर तीन वर्षं पाण्यात आणि दुकान बँकेकडे.

निवळीत असा ठराव कसा होतो ते मी पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. तेव्हा विषय शाळेच्या मास्तरांच्या घरभाडे भत्त्याचा होता. मास्तर गावात राहतात असा ठराव हवा होता. बापूंनी सभेला विचारलं, "मास्तर मुक्कामी असतो का?" कुणी बोलेना. मग पुजाऱ्यानं ताटलीतून बेलभंडार आणला. एका म्हाताऱ्यानं तो उचलला आणि अगदी मायेनं सांगितलं, "मास्तर मानूस ग्वाड हाय. शनवारी जातोय, मंगळवारी येतोय." भत्ता बंद झाला. मास्तरांवर कुणाचा राग नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी कुणीतरी भोपळा नेऊन दिला.

•

आता एकोणीस.

दुसऱ्या वर्षीचा जुलै. सलग बावीस दिवस सूर्य दिसला नव्हता. गोळ्यांच्या पाकिटांना बुरशी, उशीला बुरशी, पट्ट्याला बुरशी. बोलायला कुणी नाही, कारण लावणीच्या दिवसांत बोलायला कुणाला वेळ नसतो. तेविसाव्या दिवशी मी पिशवी भरली, लाँचवाल्याला "उद्या येतो" म्हणालो आणि सोलापूरला गेलो. परत न येण्यासाठी गेलो होतो.

सोलापुरात ऊन होतं. मी दाजींच्या घरी जेवायचो, झोपायचो, गच्चीवर बसायचो. दाजींनी एका शब्दानं विचारलं नाही. अठराव्या दिवशी दुकानात बसलो होतो. एक गिऱ्हाईक आलं, दाजींनी मोजपट्टी काढली आणि पत्रं फडफडली. विसाव्या दिवशी सकाळी मी निवळीत होतो. लोकांसाठी आलो नाही. पत्रांसाठी आलो.

मस्टरवर एकोणीस सह्या मी एका बैठकीत केल्या. एकाच शाईच्या दिसू नयेत म्हणून दोन पेनं वापरली.

मग कळलं. अकराव्या दिवशी शेवंताक्काच्या सुनेला, सुरेखाला, कळा सुरू झाल्या होत्या. मी नव्हतो. पाऊण तासाचं पाणी कापून पलीकडे न्यायला लाँच काढली आणि मध्यावरच बाळंतपण झालं. आक्कानं केलं. मुलगी झाली. दोघी जगल्या. मुलीचं नाव आर्या ठेवलं, पण गावात तिला लाँचवालीच म्हणतात.

त्या दिवसापासून आक्कानं मला ब्रदर म्हणणं सोडलं.

"काय एकोणीस, जेवलास का?"

"एकोणीस, ह्याच्या पायाला बघ, काटा मोडलाय."

भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. लोकांना वाटायचं चेष्टा आहे. मी हसायचो. दीड वर्ष हसत होतो.

•

रविवारी दुपारी मी तिच्या अंगणात गेलो. ती हिरडा पसरत होती. लाँचवाली पसरलेल्या हिरड्यावर बसून एकेक फळ तोंडात घालून थुंकत होती.

"आक्का, सभेला कुणाला येऊ दिलं नाहीत तुम्ही."

"व्हय."

इतकं सरळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. 

"का?"

"मी खोटं बोलत न्हाई," ती म्हणाली. हात थांबला नव्हता. "त्या मांडवात तर न्हाईच न्हाई."

"मी एकोणीस दिवस नव्हतो, कबूल. पण एकतीसला एक हजार शहात्तर दिवस भरतात, आक्का."

"मोजल्यास व्हय?"

"हो."

"मीबी मोजल्यात."

"माझे दाजी रस्त्यावर येतील. दुकान जाईल त्यांचं. त्यांनी तुमचं काय वाईट केलंय?"

तिनं मान वर केली. मला वाटलं आता ती सुरेखाचं काढणार, लाँचचं काढणार. तिनं मुलीच्या तोंडातून हिरडा काढला.

"बुधवारी सभेला ये," ती म्हणाली. "आन् तोंड मिटून बस."

"म्हणजे?"

"म्हंजी मिटून. आता जा, मला हे ऊन हाय तवर वाळवायचंय."

मी निघालो. मागून सुरेखा म्हणाली, "अवो आत्या, चा तरी घ्या म्हना की त्यांना," आणि आक्का म्हणाली, "पचायचा न्हाई त्याला आत्ता."

•

निवळीत फोनला रेंज एकाच ठिकाणी मिळायची. देवळामागच्या खडकावर, आणि तिथेही तोंड पूर्वेला केलं तरच.

"दाजी, ठराव होईल असं वाटत नाही."

शिवणयंत्राचा आवाज थांबला. "काय झालं?"

"इथल्या दुसऱ्या वर्षीच्या जुलैत मी एकोणीस दिवस इथं नव्हतो."

"मला ठाऊक हाय की. माझ्याच घरात झोपलतास."

मला हसू आलं.

"गावालाही माहीत आहे. एक बाई आहे, ती कुणाला सभेलाच येऊ देत नाही. मी खोट्या सह्या केल्यात दाजी. एकोणीस."

"हं."

"काय करू?"

मी तोंड पूर्वेला आहे का ते पाहिलं.

"खरं सांगून टाक," दाजी म्हणाले. "मशीन गेली तर दुसऱ्याच्या मशीनवर बसंन. पाय माझेच हायत की बे. पण तुझी ताई म्हणत होती, तू आल्यापासून झोपत नव्हतास त्या एकोणीस दिवसांत. गच्चीवर फिरायचास. ते बंद होऊ दे एकदा."

मला वाटत होतं, तेव्हा कुणाला माझी चाहूल लागत नव्हती.

"ताईला सांगू नका," मी म्हणालो.

"शेजारीच बसलीय. काज करतीय. स्पीकर चालू हाय."

•

बुधवार. दहा वाजता. चपलांचे सात जोड.

बापू, भाऊसाहेब, पंचायतीचा शिपाई, ताटली घेऊन पुजारी, रविवारी परसाकडे गेलेला तो म्हातारा, मी. आणि खांबाला टेकून, पाय लांब करून, शेवंताक्का. सगळ्या मांडवात ती एकटी बाई.

भाऊसाहेबांनी वही उघडली. "तहकूब सभा सुरू करू. विषय एक: उपकेंद्राचे परिचारक श्री. हत्तुरे यांच्या—"

मी उभा राहिलो.

"मला बोलायचंय."

"बसा ब्रदर," भाऊसाहेब म्हणाले. "विषय वाचतोय."

"विषयाबद्दलच आहे. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या जुलैमध्ये मी—"

"खाली बसा."

"मी एकोणीस—"

"अहो बसा!" भाऊसाहेबांचा आवाज देवळात घुमला. म्हातारा दचकून जागा झाला. "तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. आधीच्या नोटिशीवर जे असेल तेवढंच. नोटिशीवर तुमचं भाषण आहे का? नाही. तुम्ही ह्या गावचे मतदार आहात का? नाही. मग सभेत तुम्ही कोण? कुणी नाही."

"भाऊसाहेब, मला खरं सांगायचंय."

"ते घरी जाऊन सांगा."

"अरं बस की खाली, एकोणीस!" आक्का म्हणाली. "तोंड मिटून बस म्हनलं हुतं का न्हाई?"

मी बसलो. इतकी तयारी करून, खडकावर दोन दिवस तालीम करून, मला माझा गुन्हाच कबूल करू देत नव्हते.

"कोरम?" बापूंनी विचारलं.

"तहकूब सभेला कोरम लागत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "सात आले तरी चालतं. दोन आले तरी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग आक्काकडे. ती देवळाच्या छपराकडे बघत होती. तिथे पाकोळ्यांचं घरटं होतं.

भाऊसाहेब वाचू लागले. प्रत्येक शब्द सावकाश, जणू कापडावर खडूनं रेघ ओढावी तसा.

"ठराव क्रमांक चार. श्री. सिद्राम हत्तुरे यांच्या मुक्कामाबाबत ग्रामसभेत हरकती विचारण्यात आल्या." ते थांबले. "विचारा, बापू."

"कुनाची काय हरकत हाय का?"

पाकोळ्या चिवचिवल्या. पुजाऱ्यानं ताटली खाली ठेवली. बेलाची पानं वाऱ्यानं जरा हलली, पण कुणी ती उचलली नाहीत. उचलायचं कारण नव्हतं. कुणी काही विचारलंच नव्हतं ज्याला हो किंवा नाही म्हणावं लागेल.

"कोणतीही हरकत आली नाही," भाऊसाहेबांनी लिहिलं. "सूचक?"

"मी," म्हातारा म्हणाला.

"अनुमोदक?"

"शेवंता बाबू सपकाळ," आक्का म्हणाली. "नीट लिवा. मागं शेवंती लिवलं हुतं."

शिक्का बसला. तो आवाज मला अजून आठवतो. अगदी साधा. लाकडावर रबर.

•

बाहेर आल्यावर भाऊसाहेब चपलेत पाय घालता घालता म्हणाले, "नऊ वर्षं पंचायतीची सदस्य होती ती. माझ्या आधीच्या तीन ग्रामसेवकांना कायदा शिकवलाय तिनं. हरकत नाही एवढं लिहिलं की वरच्या कचेरीला पुरतं. रविवारी सत्तेचाळीस जमले असते तर भरल्या सभेत कुणीतरी उठून बापूंना विचारायला लावलंच असतं, मुक्कामी होता का म्हणून. मास्तरांच्या वेळेला विचारलं तसं. मग बेलभंडार. मग?" त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "लाँच सुटेल माझी."

आक्का पायऱ्या उतरत होती. मी तिच्या मागे गेलो.

"तुम्ही माझ्यासाठी केलंत हे."

"तुझ्यासाठी कशापायी? मी खोटं बोलत न्हाई म्हनलं. गावालाबी बोलाय लावत न्हाई. येवढंच."

"पण मी तुमच्या सुनेच्या वेळी नव्हतो."

"न्हवतास." ती थांबली. "पळालास. समद्यास्नी ठावं हाय. आदल्या दोगीबी पळाल्या हुत्या. त्या सिस्टरी हुत्या, चांगल्या घरच्या. एक म्हैना, दोन म्हैने. त्या परत आल्या न्हाईत. त्यास्नी कुनी आकड्यानं हाक मारली का?"

इतका वेळ छातीवर काय होतं ते ते उतरल्यावर कळलं. मी पायरीवर बसलो. ऊन पाण्यावर पडलं होतं, भाऊसाहेबांची लाँच वळत होती आणि मला रडू येतंय की भूक लागलीय ते कळत नव्हतं. दोन दिवस मी काही धड खाल्लं नव्हतं.

"पर हिशेब राहतोय," आक्का म्हणाली.

"कसला?"

"एकोनीस दिसांचा. सरकारचं सरकार बघंल. आमचं हाय ते दे."

"एकतीसला माझी मुदत संपते."

"मंग एकपास्नं मोज."

•

मी एक एप्रिलपासून मोजले. त्या एकोणीस दिवसांना पगार नव्हता, मस्टर नव्हतं, सह्या नव्हत्या. रोज सकाळी उपकेंद्र उघडायचो. दोन तापाचे, एक विंचवाचा, कुणाचा दात, कुणाच्या नुसत्या गप्पा. लाँचवालीला गोवराची लस द्यायची राहिली होती, ती दिली. ती माझ्या बोटाला चावली. नवव्या दिवशी दाजींचा फोन आला. बँकेनं पत्र दिलं होतं, कर्ज निरंक. दाजींनी मला ते तीनदा वाचून दाखवलं, तिसऱ्या वेळेला ताईनं वाचलं आणि "निरंक" म्हणताना ती अडखळली.

वीस एप्रिलला सकाळी मी पिशवी घेऊन धक्क्यावर आलो. आक्का, सुरेखा, बापू, पुजारी, आणि इतर बरेच. मी मोजले नाहीत. सुरेखानं डब्यात भाकरी आणि सुकी चटणी दिली. बापूंनी विचारलं, "आता कुठं?" मी साताऱ्याच्या दवाखान्याचं नाव सांगितलं. पलीकडच्या काठाहून तीन तास.

"जा ब्रदर," आक्का म्हणाली. "नीट जा."

लाँच सुटली.

दीड वर्षापूर्वी, त्या एकोणीस दिवसांतल्या अकराव्या दिवशी, शेवंताक्कानं उपकेंद्राचं कुलूप दगडानं फोडून बाळंतपणाची पिशवी लाँचवर नेली होती. मी परत आलो तेव्हा दाराला नवं कुलूप होतं आणि त्याची किल्ली माझ्यासाठी कडीला सुतळीनं बांधून ठेवलेली होती.